कोळी : घरातला, शेतातला आणि समजुतीतला

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरोघरी पहिला हात पडतो तो जळमटांवर. लांब काठीला केरसुणी बांधून छताचे कोपरे झाडले जातात आणि जळमटांबरोबर कोळीही खाली येतात. काही चपलेखाली जातात, काही फटीत शिरतात आणि आठ दिवसांत त्याच कोपऱ्यात पुन्हा जाळे दिसू लागते. माणसाच्या इतक्या निकट राहणाऱ्या या प्राण्याविषयीची आपली माहिती मात्र बहुतांशी ऐकीव असते. तो विषारी असतो, तो अंगावरून गेला की फोड उठतात, त्याचे जाळे असलेल्या घरात लक्ष्मी टिकत नाही, अशा समजुती पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. यांपैकी शेवटची समजूत निरुपद्रवी आहे. तिच्यामुळे घरे स्वच्छ राहतात. दुसऱ्या समजुतीने मात्र अनेकांचे नुकसान होत आले आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

मराठीत या प्राण्याला कोळी म्हणतात, कारण तो जाळे टाकून भक्ष्य धरतो. काही भागांत त्याला कातीण असेही नाव आहे. धागा कातणारी ती कातीण. संस्कृतात त्याला ऊर्णनाभ म्हणजे नाभीत लोकर असलेला असे म्हटले आहे. मुंडकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीसाठी जे दृष्टांत योजिले आहेत, त्यांत आपल्याच देहातून धागा काढणारा आणि तो पुन्हा आत घेणारा हा ऊर्णनाभ आहे. कोळी आपले जुने जाळे खाऊन टाकतो, हे प्राचीनांच्या नजरेतून सुटलेले नव्हते, ही गोष्ट कौतुकाची आहे.

कोळी कीटक आहे काय?

नाही. कीटकाला पायांच्या तीन जोड्या असतात आणि त्याच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग पडतात. कोळ्याला पायांच्या चार जोड्या असून डोके व वक्ष एकत्र जुळलेले असतात. त्याला पंख नसतात, मिशांसारख्या स्पर्शिकाही नसतात. विंचू, गोचीड आणि पिकांवरील लाल कोळी या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेली सूक्ष्म कीड हे त्याचे नातलग होत. या शेवटच्या नावाने पुष्कळ घोटाळा होतो. लाल कोळी ही पिकाचा रस शोषणारी कीड आहे. जाळे विणणारा खरा कोळी पिकाला तोंडही लावीत नाही. औषध फवारणीची शिफारस वाचताना हा फरक ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ साली पन्नास हजारांच्या पुढे गेली. ध्रुवप्रदेशातील कायम बर्फाचा भाग आणि खुला समुद्र सोडला, तर त्यांचा वावर नाही अशी जागा सापडणे कठीण. या सर्व जातींत जवळजवळ संपूर्ण शाकाहारी म्हणता येईल असा एक उडी मारणारा कोळी मध्य अमेरिका व मेक्सिको येथे आढळतो. बाभळीच्या कुळातील एका झाडाच्या पानांच्या टोकाशी येणारे पौष्टिक कण तो खातो, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की १८९६ साली त्याचे नामकरण करणाऱ्यांनी त्याला किपलिंगच्या कथेतील काळ्या बिबळ्याचे, बघीराचे, नाव दिले होते.

कोळ्याच्या शरीरातील रक्त निळसर असते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य प्राणवायू वाहून नेते. हे रक्त आणखी एक काम करते. कोळ्याच्या पायांतील मुख्य सांधे मिटण्यासाठी स्नायू आहेत, परंतु ते उघडण्यासाठी स्नायू नाहीत. पाय पसरावयाचा तर आत रक्ताचा दाब वाढवावा लागतो. मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी आवळून पडलेला का दिसतो, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. दाब संपला, की पाय मिटतात.

जाळे कसे विणले जाते?

उदराच्या टोकाशी बारीक बोंडांसारखे अवयव असतात, बहुधा तीन जोड्या. आतील ग्रंथींत प्रथिनयुक्त द्रव तयार होतो आणि बाहेर ओढला जाताना त्याचा घट्ट धागा बनतो. हवा लागल्यामुळे तो वाळतो, असे पूर्वी सांगितले जाई. वस्तुतः ओढला जाण्याच्या ताणानेच द्रवातील कणांची रचना बदलते. एकाच कोळ्याजवळ निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे धागे असतात. लोंबकळण्याचा धागा वेगळा, भक्ष्य चिकटविण्याचा वेगळा, अंडी गुंडाळण्याचा आणखी वेगळा. लोंबकळण्याचा धागा तर सारख्या वजनाच्या पोलादी तारेपेक्षाही अधिक ताण सोसतो.

बागेतील चाकासारखे जाळे विणणारा कोळी प्रथम एका फांदीवर उभा राहून वाऱ्यावर एक धागा सोडतो. तो समोर कोठेतरी अडकला, की पूल तयार झाला. या पुलाच्या मध्यातून खाली एक धागा ताणला जातो आणि मग केंद्रापासून बाहेर आऱ्या टाकल्या जातात. त्यांवर आतून बाहेर असे विरळ फेरे घेऊन एक कच्ची चढण बांधली जाते. शेवटी बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट फेरे घातले जातात आणि कच्चे फेरे त्याच वेळी काढून टाकले जातात. गवंडी भिंत झाल्यावर परात उतरवितो, तसाच हा प्रकार. बहुतेक कोळ्यांना हे सर्व काम तासाभराच्या आत उरकते, तेही अंधारात, कारण जाळे विणणाऱ्या कोळ्यांची दृष्टी फार अधू असते. त्यांचे सारे व्यवहार पायांवरील केसांना जाणवणाऱ्या कंपनांवर चालतात.

कोळी स्वतःच जाळ्यात का चिकटत नाही, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. जाळ्याच्या आऱ्या कोरड्या असतात. चिकट असतात ते फक्त आडवे फेरे, आणि चालताना कोळी शक्यतो आऱ्यांवरच पाय ठेवतो. शिवाय त्याच्या पायांवरील केस व त्यांवरील लेप यांमुळे चिकट धागा लागला तरी सहज सुटतो. अनेक जाती दररोज जुने जाळे खाऊन टाकून नवे विणतात. त्यामुळे धाग्यातील प्रथिने वाया जात नाहीत.

ही कला शिकविलेली नसते, जन्मजात असते. गुरुत्वाकर्षण नसले तर तिचे काय होईल, असा प्रश्न अमेरिकेतील एका शाळकरी मुलीने सुचविला आणि १९७३ साली स्कायलॅब या अंतराळ प्रयोगशाळेत अराबेला व अनिता या नावांचे दोन कोळी पाठविण्यात आले. प्रारंभी ते गोंधळले, धागे वेडेवाकडे पडले. परंतु थोड्याच दिवसांत दोघांनीही जाळी विणून दाखविली.

महाराष्ट्रातील दोन जाळी मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. सह्याद्रीच्या दाट रानातील नेफिला या कोळ्याच्या मादीचे जाळे मीटरभर रुंद असते आणि उन्हात त्याचे धागे सोनेरी दिसतात. मादी हाताच्या पंजाएवढी पसरते. तिच्याच जाळ्यात वावरणारा नर नखाएवढाही नसतो. मादागास्करमधील अशाच सोनेरी कोळ्यांचा धागा काढून विणलेले सुमारे ११ फूट लांबीचे वस्त्र २००९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ठेवण्यात आले, त्यासाठी दहा लाखांहून अधिक कोळी धरावे लागले. या वस्त्राचा व्यापार का झाला नाही, हे त्या आकड्यावरूनच समजते. रेशमाचे किडे एकत्र गुण्यागोविंदाने राहतात, कोळी एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात.

दुसरे जाळे याला अपवाद आहे. दख्खनच्या कोरड्या मुलुखात बाभळीवर किंवा काटेरी कुंपणावर मळकट लोकरीच्या गोळ्यासारखी घरटी दिसतात. ती स्टेगोडायफस या समाजप्रिय कोळ्याची. एका घरट्यात कधी कधी शेकडो कोळी राहतात, मिळून शिकार करतात आणि मिळून खातात. पिल्ले वाढू लागली, की माद्या आपल्याच देहाचे अन्न त्यांना देतात. पिल्ले आईला अक्षरशः खाऊन मोठी होतात. मादी मिलनानंतर नराला खाते, हे काही जातींत खरे असले तरी सर्रास घडत नाही. पुष्कळ नर सुखरूप निसटतात. आईने पिल्लांसाठी स्वतःला संपविण्याची ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

अंगावर फोड कशाने येतात?

आता त्या समजुतीकडे वळू. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर वा काखेत लाल चट्टा दिसतो, आग होते, बारीक फोड येतात. घरातील वडीलधारी माणसे सांगतात, रात्री कोळी अंगावरून गेला. सुश्रुतसंहितेतही लूता म्हणजे कोळी याच्या विषाचे सविस्तर वर्णन असून त्याचे सोळा प्रकार मानले आहेत. तेव्हा ही कल्पना जुनी आहे. परंतु कोळी अंगावरून चालत गेल्याने त्वचेला काहीही होत नाही.

अशा चट्ट्यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे पिडेरस नावाचा छोटा भुंगेरा. तो साधारण तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, लांबट, काळ्या व नारिंगी पट्ट्यांचा असतो. ओलसर शेतजमिनीत राहतो आणि पावसाळ्याच्या सुमारास रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, नांगीही मारीत नाही. अंगावर बसल्यावर माणूस त्याला झोपेत चिरडतो आणि त्याच्या शरीरातील दाहक द्रव त्वचेला लागतो. चट्टा एका दिवसाने उमटतो. तोपर्यंत भुंगेरा दिसेनासा झालेला असतो आणि भिंतीवरचा कोळी मात्र दिसत असतो! असा किडा अंगावर बसला तर त्याला न चिरडता फुंकर मारून उडवावे आणि ती जागा साबणाने धुवावी. डोळ्यांना हात लावू नये.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या भागात, ठणका देऊन फोडांचे झुबके येतात. याला नागीण म्हणतात. हाही कोळ्याचा वा सर्पाचा प्रताप नव्हे. बालपणी कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या मुळाशी कांजिण्यांचे विषाणू सुप्त राहतात आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा जागे होतात. नागिणीची दोन्ही तोंडे जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. त्यावर विषाणुरोधक औषध उपलब्ध आहे. परंतु त्याचा लाभ फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू केल्यास सर्वाधिक होतो. मंत्र घालणे, लेप देणे, वाट पाहणे यांत नेमके हेच तीन दिवस निघून जातात आणि पुढे वृद्ध रुग्णांना महिनोन् महिने वेदना सोसाव्या लागतात. डोळ्याजवळ नागीण उठली तर दृष्टीला धोका संभवतो. म्हणून एका बाजूस असे फोड दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जखमेवर जळमट दाबून रक्त थांबविण्याची प्रथाही अद्याप काही ठिकाणी आहे. जळमटात छताची धूळ असते आणि धुळीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. स्वच्छ फडके दाबून धरणे केव्हाही चांगले.

मग कोळी विषारी नसतोच काय? विष बहुतेक सर्व कोळ्यांजवळ असते, पण ते माशी वा नाकतोडा यांच्या मापाचे. अनेक जातींच्या नख्या माणसाच्या कातडीतून आतही जात नाहीत. जगात खरोखर घातक अशा जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी परिसरातील नरसाळ्याच्या आकाराचे जाळे करणारा कोळी त्यांतील प्रमुख. परंतु १९८१ साली त्यावर प्रतिविष निघाल्यापासून त्याच्या दंशाने मृत्यूची नोंद नाही. आपल्याकडे लाल खुणांचा एक काळा कोळी क्वचित आढळतो. त्याच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात. सह्याद्रीतील झाडांच्या ढोलींत राहणारे मोठे केसाळ कोळीही डिवचल्यास चावतात आणि वेदना बराच काळ राहते. अशा दंशानंतर जागा धुऊन डॉक्टरांकडे जावे, एवढेच पुरे. जखम कापणे, रक्त काढणे सर्वथा टाळावे. २०१२ च्या मे महिन्यात आसाममधील सदिया भागात कोळ्यांच्या दंशाने दोन माणसे दगावल्याचे वृत्त देशभर गाजले. त्या दोघांच्याही जखमा वैदूंनी पात्याने कापल्या होत्या, असे तेथील डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. मृत्यू विषाने झाले की पात्याने, हे सिद्ध झाले नाही.

भातशेतीतील पहारेकरी

कोळ्याचे खरे मोल शेतात आहे. जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यातील फार मोठा वाटा कीटकांचा आहे. तो प्रामुख्याने रानांत आणि गवताळ भागांत खाल्ला जातो. शेतात त्याचे प्रमाण कमी पडते, कारण तेथे नांगरणी, कापणी व फवारणी यांमुळे कोळ्यांना स्वस्थता नसते.

भाताच्या खाचरात चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीलगत पाहिले तर करड्या रंगाचा, चपळ, जाळे न विणणारा एक कोळी पळताना दिसतो. मादीच्या मागे अंड्यांची पांढरट गोळी चिकटलेली असते आणि पुढे पिल्ले निघाली की ती तिच्या पाठीवर बसून फिरतात. हा कोळी तपकिरी तुडतुड्यांचा हाडवैरी आहे. कोकणातील आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तुडतुड्यांनी करपलेल्या भाताचे गोल ठिपके अपरिचित नाहीत.

तुडतुडे दिसताच सर्वनाशी कीटकनाशक फवारले, तर काय होते? तुडतुडे मरतात आणि कोळीही मरतात. परंतु तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणाच्या आत घातलेली असल्याने ती वाचतात. आठ-दहा दिवसांत नवी पिल्ले निघतात तेव्हा शेतात त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. कोळ्याची वाढ सावकाश होते, तुडतुड्याची झपाट्याने. म्हणून दुसरा हल्ला पहिल्याहून मोठा येतो, शेतकरी पुन्हा फवारतो आणि खर्च वाढत जातो.

इंडोनेशियाने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला. कीटकनाशकांवर भरघोस सरकारी अनुदान देऊनही तेथे तुडतुड्यांचे उद्रेक होत राहिले. भाताच्या बाबतीत १९८४ साली स्वयंपूर्ण झालेला तो देश पुन्हा संकटात आला. तेव्हा नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करण्यात आला आणि पुढील काही वर्षांत अनुदानही काढून घेण्यात आले. नंतर शेतकऱ्यांसाठी बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. त्यांत शेतकरी चूड हलवून तुडतुडे आणि कोळी दोन्ही मोजावयास शिकले. औषध कमी झाले, भाताचे उत्पादन मात्र घटले नाही. शासनाने अनुदान देऊन कमावलेली चूक शासनानेच मागे घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

याचा अर्थ फवारणी कधीच करू नये असा नाही. कोळी काही सर्व किडींवर उपाय नव्हे. खोडाच्या आत बसलेल्या खोडकिड्याच्या अळीपर्यंत तो पोहोचू शकत नाही आणि जाळ्यात सापडलेली मधमाशीही तो सोडीत नाही. मुद्दा इतकाच, की कृषी विद्यापीठांनी प्रति चूड ठरवून दिलेली तुडतुड्यांची संख्या ओलांडली गेली आहे किंवा नाही हे पाहावे, त्याच वेळी कोळी किती आहेत हेही पाहावे आणि मगच पंप पाठीवर घ्यावा. बांधावरील सगळे गवत जाळून टाकू नये. कापणीनंतर कोळ्यांना तेथेच आसरा मिळतो.

रिकाम्या झालेल्या शेतात कोळी परततात ते पायी नव्हे. लहान पिल्ले गवताच्या टोकावर चढून, पोट वर करून वाऱ्यात धागा सोडतात आणि त्याच्या आधारे उडून जातात. किनाऱ्यापासून सुमारे साठ मैल दूर असलेल्या बीगल जहाजावर असे असंख्य कोळी उतरल्याची नोंद डार्विनने १८३२ साली केली आहे. हवेतील विद्युतभारही या उड्डाणास साहाय्य करतो, असे २०१८ साली प्रयोगाने दिसून आले.

नोंद आणि नावे

भारतातील कोळ्यांच्या अभ्यासाशी पुण्याचा निकट संबंध आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील डॉ. बी. के. टिकादर यांनी पुणे येथील केंद्रात असताना या प्राण्यांचा कसून अभ्यास केला; त्यांचा भारतीय कोळ्यांवरील हस्तग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. नव्या जाती अद्यापही सापडत आहेत, आणि त्या दुर्गम अरण्यातच सापडतात असेही नाही. ठाणे-कल्याण परिसरात मिळालेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २०२१ साली इसियस तुकारामी असे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवणारे मुंबई पोलीस दलातील हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण आहे. झाडावर राहणाऱ्या केसाळ कोळ्यांना मात्र कीर्तीचा उपद्रव होतो. परदेशातील शौकिनांसाठी त्यांची चोरटी विक्री होत असल्याने २०१९ साली त्यांच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणण्यात आला.

घरात मोठा कोळी निघाला तर?

स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात रात्री अचानक दिसणारा, चपट्या अंगाचा, तळहाताएवढा तपकिरी कोळी सर्वांत अधिक घाबरवितो. तो जाळे विणीत नाही. झुरळांच्या मागे आलेला असतो. मादीच्या पोटाखाली कधी कधी पांढरी चकती दिसते, ती अंड्यांची पिशवी. त्याला ठेवून घेतल्यास झुरळे कमी होतील. ठेवावयाचा नसेल तर त्यावर रुंद तोंडाचा डबा पालथा घालावा, भिंत आणि डबा यांच्यामधून जाड पुठ्ठा सरकवावा आणि परसात नेऊन सोडून द्यावा. पुठ्ठा हळू सरकवावा, म्हणजे पाय चेंगरत नाहीत.